सुभेदारांचा मुलगा



महूची छावणी आपल्या इंदूरला अगदी लागून आहे. तेथे बदली होऊन येणाऱ्या जवानांची व अधिकाऱ्यांची मुले आपल्या भागातील शाळांत शिकतात. अशाच एका सैनिकाच्या मुलाचे चरित्र आम्ही या अंकात सांगत आहोत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटनेचे शिल्पकार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत, पण ते छावणीत जन्मलेले मूल होते, हे पुष्कळांच्या लक्षात नसते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. ते आईवडिलांचे चौदावे अपत्य. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि सैनिकी शाळेत मुख्याध्यापक होते. आजोबा मालोजी हेही सैनिक होते. त्या काळी पलटणीतील मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. गावातील शाळेचे दार ज्यांना बंद होते, त्या घरांतही त्यामुळे अक्षरओळख पोहोचली. पुढे १८९० नंतरच्या दशकात महार समाजाची सैन्यभरती बंद झाली आणि पुढच्या पिढीसाठी शिक्षणाची ही वाटही बंद झाली.

रामजी निवृत्त झाल्यावर कुटुंब आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला गेले. साताऱ्यात आई भीमाबाई वारल्या. लहानग्या भीमाला आत्या मीराबाईंनी सांभाळले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. तेथे त्यांना इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे आणि पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नसे.

वडील तेव्हा नोकरीसाठी गोरेगावला राहत असत. १९०१ च्या उन्हाळी सुट्टीत मुले त्यांना भेटायला निघाली. पत्र वेळेवर न पोहोचल्याने मसूर स्टेशनवर घ्यायला कोणी आले नाही. मुलांची जात कळताच गाडीवान बैलगाडी हाकेनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकली आणि सारी रात्र पाण्यावाचून काढली. वडील नोकरीनिमित्त दूर असले की मुलांवर काय प्रसंग येतो, हे यातून समजावे.

पुढे मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. रामजी पहाटे दोन वाजता मुलाला अभ्यासाला उठवत. पुस्तकांसाठी पैसे कमी पडले तर विवाहित मुलींचे दागिने मागून गहाण ठेवत. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांची हुशारी ओळखली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून त्यांना शिष्यवृत्ती मिळाली. बी.ए. झाल्यावर ते बडोद्यास नोकरीला गेले, पण लगेच वडील आजारी पडले आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार निवर्तले. त्याच वर्षी मुलगा बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. हे पाहायला मात्र वडील राहिले नव्हते.

वडिलांच्या पलटणीचा प्रश्न बाबासाहेबांनी सोडला नाही. भरती पुन्हा खुली व्हावी यासाठी त्यांनी सरकारकडे आग्रह धरला आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. २००३ मध्ये महूला डॉ. आंबेडकर नगर हे नाव देण्यात आले.

या चरित्रातून आम्हांला तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत. विद्यार्थ्यांनो, वर्षाच्या मधेच नवा मुलगा किंवा मुलगी वर्गात आली, तर तिला आपल्या शेजारी जागा द्या, मागच्या वह्या द्या. पालकांनो, ज्या घरातील वडील सीमेवर आहेत, त्या घराची अधूनमधून विचारपूस करा. विश्वस्त मंडळींना विनंती, की बदलीमुळे टी.सी. वा कागदपत्रे यायला उशीर झाला, तरी अशा मुलाचा प्रवेश अडू नये, असा ठराव व्हावा.

भीमरावांना वर्गात बसायला गोणपाट घरून न्यावे लागले. आपल्या शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलासाठी बाकावर जागा आधीच ठेवलेली असावी, एवढेच आमचे मागणे आहे.