घर सुटलं, जात तुटली, पण मन जिंकलं! रेव्हरंड टिळकांच्या आतल्या लढाईची गोष्ट

अहिल्यानगर : टिळक म्हटलं की आधी लोकमान्य आठवतात. पण त्याच काळात आणखी एक टिळक होऊन गेले आणि त्यांची कर्मभूमी आपला नगर जिल्हा होती. ते म्हणजे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. शिकाऱ्यानं घायाळ केलेल्या पक्षिणीची त्यांची कविता जुन्या पिढीनं शाळेत पाठ केली आहे. पण हा माणूस आयुष्यभर स्वतःच्या मनाशी किती झगडला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

लहानपणीच आई गेली

टिळकांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणांचं. वडील सरकारी नोकरीत, स्वभावानं कडक. आई मायाळू, पण ती लवकर गेली. पोरका झालेला नारायण नाशिकला आला आणि तिथं गणेशशास्त्री लेले यांच्याकडं संस्कृत शिकला. बुद्धी तल्लख, वाणी गोड, कविता तर ओठावरच.

पुढं नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांची बायको झाली. याच आपल्या लक्ष्मीबाई टिळक. लग्न झालं तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या.

एका जागी पाय ठरेना

टिळकांचे दोन शत्रू होते आणि दोन्ही त्यांच्या आतच होते. एक राग, दुसरी बेचैनी. चांगली नोकरी लागली तरी ती सोडायची, न सांगता घरातून निघून जायचं, बायकोला माहेरी ठेवून गावोगाव फिरायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. हातात पैसा टिकत नसे. घरात मीठ-पीठ नसलं तरी वाटेत कुणी गरजू भेटला की खिसा रिकामा. लक्ष्मीबाईंनी स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात हे सगळं हसत हसत, पण काही न लपवता लिहून ठेवलंय.

ही बेचैनी नुसत्या स्वभावाची नव्हती. जातीपातीनं माणसं माणसांपासून तुटली आहेत, हे त्यांना सलत होतं. सगळ्यांना एकत्र आणणारा नवा धर्मच काढावा, असंही त्यांच्या मनात घोळत होतं. शास्त्रं वाचली, वाद केले, पण मनाला शांती मिळेना.

रेल्वेतला अनोळखी माणूस

1893 साली ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलता बोलता त्यांनी टिळकांच्या हातात बायबलचा नवा करार ठेवला आणि वाचून बघा म्हणून सांगितलं. टिळकांनी आधी फारसं मनावर घेतलं नाही. पण दिलेला शब्द पाळायचा म्हणून वाचायला घेतलं आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थांबले. वैऱ्यावरही प्रेम करा, मनातला रागसुद्धा सोडा, ही शिकवण त्या तापट माणसाच्या नेमकी वर्मी लागली.

इथून खरी लढाई सुरू झाली. मन येशूकडं ओढ घेत होतं, पण समोर घर दिसत होतं. धर्म बदलला तर जात तुटणार, नातेवाईक दार बंद करणार, बायको आणि लहानगा दत्तू दुरावणार. मनातल्या मनात श्रद्धा ठेवावी, बाहेर काही कळू देऊ नये, हा मोह मोठा होता. कुणाचंच नुकसान झालं नसतं. पण खोटं जगणं त्यांना जमेना. अखेर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ताटातुटीची वर्षं

बातमी घरी पोचली आणि आकाश कोसळलं. लक्ष्मीबाई दुःखानं खचल्या. माहेरच्या माणसांनी त्यांना सांभाळलं, पण नवऱ्याकडं जायचा रस्ता बंद झाला. इकडं टिळक नगरला मिशनच्या कामात एकटे.

त्या काळी 1866 चा एक कायदा होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाची बायको त्याच कारणानं नांदायला येत नसेल, तर त्याला कोर्टातून लग्न मोडून मागता येत होतं. टिळकांनी तो मार्ग धरला नाही. ते पत्रं लिहीत राहिले, वाट बघत राहिले. एका जागी न टिकणारा माणूस थांबायला शिकला, हा त्यांच्या श्रद्धेनं घडवलेला मोठा बदल.

पुढं लक्ष्मीबाई आल्या. आधी सोवळं सांभाळून वेगळी चूल मांडली. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. हळूहळू त्यांच्याच मनातला भेदभाव गळून पडला आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नगर आणि राहुरीत या जोडप्यानं अनाथ लेकरांना घरात आसरा दिला. कवी बालकवी ठोंबरेही त्यांच्या घरी राहिले, ते आपला धर्म न सोडता.

राग मात्र एका दिवसात गेला नाही. भडका उडायचा आणि मग पश्चात्ताप व्हायचा. प्रार्थना हाच त्यावर त्यांचा रोजचा उपाय होता.

पगारावर पाणी सोडलं

टिळकांनी ख्रिस्ती भजनं आपल्या मातीच्या चालीत, अभंग-ओवीत बांधली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो, असं ते सांगत. आजही मराठी चर्चमध्ये त्यांची भजनं म्हटली जातात.

नाव झालं, मान मिळाला, पगार सुरू होता. उतारवयात कुणालाही हेच हवं असतं. पण हा आरामसुद्धा आपल्याला बांधून ठेवतोय, असं त्यांना वाटू लागलं. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथं येशूचे शिष्य म्हणून एकत्र बसता येई.

9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. येशूच्या जीवनावरचं ख्रिस्तायन हे महाकाव्य अपुरं राहिलं होतं. धर्म बदलला म्हणून ज्या बायकोनं एकेकाळी टाहो फोडला होता, त्याच लक्ष्मीबाईंनी पुढं ते हाती घेतलं आणि अध्यायामागून अध्याय लिहून पुढं नेलं.