कावळा, चिखल आणि खारे पाणी: झाडे आणि प्राणी जगभर पसरतात कसे? डार्विन यांनी घरातच शोधलेले उत्तर

तुमच्या इमारतीच्या चौथ्या-पाचव्या मजल्यावर, पाइपाच्या बाजूच्या भेगेत उगवलेले पिंपळाचे रोप तुम्ही नक्की पाहिले असेल. ते तिथे कुणी लावले? बहुतेक वेळा एखाद्या कावळ्याने किंवा साळुंकीने. पक्षी फळ खातो, उडून दुसरीकडे बसतो आणि विष्ठेतून बी टाकतो. पावसाळा आला की रोप तयार!

आज आपल्याला हे साधे वाटते. पण सुमारे १७० वर्षांपूर्वी याच प्रश्नावर जगातील मोठे शास्त्रज्ञ वाद घालत होते. त्यातील एकाने वादाचा निकाल लावण्यासाठी घरातच बाटल्या, मीठ आणि भाजीपाल्याच्या बिया घेऊन प्रयोग सुरू केले. त्यांचे नाव चार्ल्स डार्विन. उत्क्रांतीमुळे ते सगळ्यांना माहीत आहेत, पण त्यांच्या आयुष्यातील हा भाग फारसा सांगितला जात नाही. जाणून घेऊया.

डॉक्टर होता होता निसर्गाकडे

डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूसबरी येथे झाला. वडील डॉक्टर होते, म्हणून मुलालाही एडिंबरोला वैद्यकीय शिक्षणासाठी पाठवले. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती. शस्त्रक्रिया पाहणे डार्विन यांना सहन झाले नाही आणि शिक्षण अर्धवट सुटले. पुढे केंब्रिजला शिकताना पुस्तकांपेक्षा भुंगे गोळा करण्यातच त्यांचा जास्त वेळ गेला.

२७ डिसेंबर १८३१ रोजी ते ‘बीगल’ जहाजातून निघाले आणि जवळपास पाच वर्षांनी, ऑक्टोबर १८३६ मध्ये परतले. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटर दूर असलेल्या गालापागोस बेटांवर ते १८३५ मध्ये पोहोचले. ही बेटे ज्वालामुखीतून समुद्रात वर आलेली. मग तिथे झाडे, पक्षी, सरडे आले कुठून?

वाद नेमका काय होता?

त्या काळी याची दोन उत्तरे दिली जात. एक, प्रत्येक जीव जिथे आहे तिथेच निर्माण झाला. दोन, पूर्वी खंड आणि बेटांना जोडणारी जमीन होती, जीव तिच्यावरून गेले आणि मग ती समुद्रात बुडाली. एडवर्ड फोर्ब्स यांच्यासारखे नामवंत अभ्यासक दुसऱ्या मताचे होते. डार्विन यांचे जवळचे मित्र आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनाही हा विचार पटत होता.

डार्विन यांना मात्र प्रत्येक बेटासाठी एक बुडालेला खंड कल्पिणे मान्य नव्हते. त्यांच्यासाठी यात बरेच काही पणाला लागले होते. सगळे जीव समान पूर्वजांपासून आले असतील, तर एका ठिकाणचा जीव समुद्र ओलांडून दुसरीकडे जाऊ शकतो हे दाखवणे भाग होते. ते दाखवता आले नसते, तर त्यांच्या सिद्धांतात मोठे भगदाड राहिले असते.

मुलांचा प्रश्न: हूकरकाकांना हरवणार का?

१८५५ मध्ये डार्विन यांनी डाउन गावातील आपल्या घरी प्रयोग सुरू केले. मिठाच्या पाण्याने भरलेल्या छोट्या बाटल्यांमध्ये हळीव, मुळा, कोबी, लेट्यूस अशा बिया टाकल्या. काही बाटल्या बर्फ घातलेल्या पाण्याच्या टाकीत ठेवल्या. ठरावीक दिवसांनी बिया काढून पेरायच्या आणि उगवतात का ते पाहायचे, एवढाच प्रयोग.

हूकर यांचा अंदाज होता की आठवडाभरात बिया मरतील. त्यामुळे घरातील मुलांना ही शर्यतच वाटू लागली. बाबा हूकर यांना हरवणार का, असे ती विचारत राहत. पाण्याला इतकी दुर्गंधी सुटायची की ते वरचेवर बदलावे लागे. पण निकाल डार्विन यांच्या बाजूने लागला. एकूण ८७ प्रकारच्या बियांपैकी ६४ प्रकारच्या बिया २८ दिवस खाऱ्या पाण्यात राहूनही उगवल्या. काही तर १३७ दिवसांनंतरही जिवंत होत्या.

इथेच एक अडचण आली. बहुतेक बिया पाण्यात बुडत होत्या! जिवंत राहून उपयोग काय, समुद्राच्या तळाशी गेल्या तर प्रवास होणार कसा? आपली सगळी मेहनत वाया गेली, असे डार्विन यांना वाटले. पण त्यांनी प्रयोग बदलला. पुरात बियांसकट फांद्या वाहून जातात आणि त्याआधी त्या वाळलेल्याही असू शकतात. म्हणून त्यांनी फळे लागलेल्या ९४ वनस्पती वाळवून पाण्यात सोडल्या. त्यातील १८ वनस्पती २८ दिवसांहून अधिक तरंगल्या.

आता गणित पाहा. ८७ पैकी ६४ उगवतात आणि ९४ पैकी १८ तरंगतात. दोन्ही प्रमाणांचा गुणाकार केला की १०० पैकी साधारण १४ वनस्पती मिळतात. अटलांटिकमधील प्रवाहांचा सरासरी वेग दिवसाला ३३ मैल धरला, तर २८ दिवसांत ९२४ मैल, म्हणजे जवळपास १,५०० किलोमीटर होतात. बुडालेला खंड न मानताही समुद्र ओलांडता येतो, हे कागदावर सिद्ध झाले.

चिखलाचा पेला आणि आठ वर्षांच्या मुलाची कल्पना

डार्विन तिथे थांबले नाहीत. एका छोट्या तळ्याच्या काठचा तीन चमचे चिखल त्यांनी घरी आणला. वाळल्यावर तो जेमतेम १९० ग्रॅम भरला. सहा महिने झाकून ठेवलेल्या या चिखलातून ५३७ रोपे उगवली. पाणपक्ष्याच्या पायाला चिकटलेल्या चिखलातून काय काय प्रवास करत असेल, याचा अंदाज त्यावरून आला.

बदकाचे पाय त्यांनी गोगलगायींच्या टाकीत लटकवून पाहिले. नुकत्याच जन्मलेल्या गोगलगायी पायांना चिकटल्या आणि पाण्याबाहेर, दमट हवेत १२ ते २० तास जगल्या. बदकाला दूरच्या तळ्यावर पोहोचायला तेवढा वेळ पुरेसा असतो.

आठ वर्षांच्या फ्रान्सिसने वडिलांना सुचवले, की पोटात दाणे असलेला पक्षी मेला आणि तरंगत गेला तर? डार्विन यांनी तेही करून पाहिले. ३० दिवस खाऱ्या पाण्यात तरंगलेल्या मेलेल्या कबुतराच्या अन्नपिशवीतील जवळपास सगळ्या बिया उगवल्या.

दु:खाच्या दिवसांतून ग्रंथापर्यंत

जून १८५८ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचे टपाल आले. आग्नेय आशियातील बेटांवर काम करताना त्यांनाही नैसर्गिक निवडीचीच कल्पना सुचली होती. त्याच दिवसांत डार्विन यांचा धाकटा मुलगा आजारी पडला आणि २८ जूनला दगावला. १ जुलै रोजी लंडनमध्ये दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले, तेव्हा डार्विन तिथे नव्हते.

२४ नोव्हेंबर १८५९ रोजी त्यांचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ आला. जीवांच्या भौगोलिक प्रसारावर त्यात दोन पूर्ण प्रकरणे आहेत. दूरच्या बेटांवर वटवाघळे सापडतात, पण मूळचे बेडूक सहसा का नसतात? कारण वटवाघूळ उडू शकते आणि बेडकाची अंडी खाऱ्या पाण्यात मरतात. बाटल्यांमधील प्रयोगांतून आलेली हीच ती विचाराची पद्धत.

आज याचे महत्त्व काय?

• बी आईच्या झाडाखालीच पडले तर सावली, गर्दी, कीड आणि रोग यांमुळे जगण्याची शक्यता कमी होते. दूर गेलेल्या बीला नवी संधी मिळते.

• सह्याद्रीतील धनेश पक्षी मोठी फळे गिळून बिया दूर टाकतो. तो कमी झाला, तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या झाडांची नवी पिढीही कमी होते. जंगल हिरवे दिसते, पण आतून म्हातारे होत जाते.

• प्राण्यांनाही नवी जागा शोधावी लागते. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. रेडिओ कॉलरमुळे कळले, की तो एकूण ३,००० किलोमीटरहून अधिक चालला होता. वाटेत रस्ते, शेते, गावे होती. म्हणूनच वन्यजीवांच्या जोडमार्गांची गरज आहे.

• उलट बाजूही आहे. घाणेरीची फळे खाऊन पक्षीच ती पसरवतात. गाजर गवत तर माणसाच्या मालवाहतुकीबरोबर देशोदेशी पोहोचले. चुकीच्या जागी झालेला प्रसार स्थानिक वनस्पतींना मारक ठरतो.

शेवटचा लेख: भुंगा आणि शिंपला

फेब्रुवारी १८८२ मध्ये नॉर्दॅम्प्टनच्या वॉल्टर क्रिक यांना एक पाणभुंगा सापडला. त्याच्या पायाला छोटा शिंपला घट्ट चिकटला होता. क्रिक यांनी ही माहिती डार्विन यांना कळवली. प्रकृती ढासळली असतानाही त्यांनी त्यावर टिपण लिहिले आणि ते ६ एप्रिलच्या ‘नेचर’मध्ये छापून आले. तेरा दिवसांनी, १९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन यांचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीमध्ये त्यांचे दफन झाले आणि शवपेटीला खांदा देणाऱ्यांमध्ये हूकरही होते.

वॉल्टर क्रिक यांचे नातू फ्रान्सिस क्रिक. १९५३ मध्ये जेम्स वॉटसन यांच्यासोबत डीएनएची रचना उलगडणारे शास्त्रज्ञ ते हेच!

पुढच्या वेळी ट्रेकवरून परत आल्यावर पँटला चिकटलेली कुसळे काढाल, तेव्हा जरा थांबून पाहा. एखाद्या गवताने प्रवासासाठी तुमचीच निवड केलेली असेल.