ग्रीन बेचे लॅम्बो

अमेरिकेच्या उत्तर भागात, मिशिगन सरोवराच्या एका आखाताच्या टोकाशी ग्रीन बे नावाचे शहर वसलेले आहे. तेथील हिवाळा असा कडक की, डिसेंबरात क्रीडांगणाची माती दगडासारखी गोठते. याच गावी ९ एप्रिल १८९८ रोजी अर्ल लॅम्बो यांचा जन्म झाला. कुरळ्या केसांमुळे सवंगडी त्यांना कर्ली म्हणत. पुढे सारा देश त्यांना याच नावाने ओळखू लागला.

शाळेत असतानाच लॅम्बो अमेरिकन फुटबॉलमध्ये नावाजले होते. हा खेळ आपल्याकडील फुटबॉलहून अगदी निराळा. लंबगोल चेंडू छातीशी धरून प्रतिपक्षाची फळी फोडीत धावायचे, किंवा तो दूरच्या सोबत्याकडे हाताने फेकायचा. घशाच्या दुखण्यामुळे लॅम्बो यांचे महाविद्यालयीन शिक्षण सुटले आणि मांस डबाबंद करणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी नोकरी धरली. १९१९ च्या ऑगस्टमध्ये जॉर्ज कॅल्हून या पत्रकार मित्राच्या साह्याने त्यांनी गावातील तरुणांचा संघ उभारला. गणवेशासाठी कारखान्याने ५०० डॉलर दिले, म्हणून संघाचे नाव पडले पॅकर्स, म्हणजे डबे भरणारे! मैदानाला कुंपण नव्हते. प्रेक्षकांत टोपी फिरवून पैसे गोळा करीत. हंगामाच्या अखेरीस प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला जेमतेम १७ डॉलर आले.

१९२१ साली हा संघ व्यावसायिक संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरला. शिकागो, न्यूयॉर्क अशा महानगरांपुढे या चिमुकल्या गावाचा टिकाव कसा लागावा? पैशाची ओढाताण तर नित्याचीच. तेव्हा १९२३ मध्ये गावकऱ्यांनी पाच-पाच डॉलरचे भाग विकत घेतले. त्या भागांवर नफा मिळणार नव्हता, हे घेणाऱ्यांना ठाऊक होते. लॅम्बो यांनी या विश्वासाचे सोने केले. इतर संघ चेंडू घेऊन धावण्यावरच भिस्त ठेवीत, त्या काळी त्यांनी आपल्या खेळाडूंकडून चेंडू फेकण्याचा सराव कसून करून घेतला. १९२९, १९३० आणि १९३१ अशी सलग तीन वर्षे, आणि पुढे १९३६, १९३९ व १९४४ साली पॅकर्स विजेते ठरले.

परंतु हे दिवस सरले. लॅम्बो स्वभावाने हट्टी होते, खर्चाच्या बाबतीत सैल होते, आणि संचालकही त्यांच्यावर अंकुश ठेवू पाहत होते. १९४९ मध्ये बारापैकी दहा सामने हरल्यावर वाद विकोपाला गेला. १९५० च्या आरंभी, तीस वर्षे पोसलेला संघ सोडून लॅम्बो शिकागोच्या दुसऱ्या एका संघाकडे गेले.

गावाला आता नव्या क्रीडांगणाची निकड होती. शाळेमागचे लाकडी बाकांचे जुने मैदान अपुरे पडू लागले होते. १९५६ साली त्यासाठी मतदान झाले. मौज अशी की, मत द्या म्हणून सांगण्यास पॅकर्सचे कट्टर प्रतिस्पर्धी, शिकागो बेअर्सचे जॉर्ज हॅलस स्वतः ग्रीन बेला आले! २९ सप्टेंबर १९५७ रोजी सुमारे ३२,००० आसनांचे सिटी स्टेडियम खुले झाले आणि पहिल्याच सामन्यात पॅकर्सनी हॅलस यांच्या संघाला २१ विरुद्ध १७ असे हरवले.

१ जून १९६५ रोजी हृदयविकाराने लॅम्बो यांचे निधन झाले. जुना वाद बाजूला सारून गावाने त्याच वर्षी क्रीडांगणाला लॅम्बो फील्ड हे नाव दिले. त्या मैदानावर त्यांनी पॅकर्सना एकाही सामन्यात मार्गदर्शन केले नव्हते.