कलामहर्षी बाबूराव पेंटर

मराठी सिनेमाचा विषय निघाला की दादासाहेब फाळक्यांपाठोपाठ 'प्रभात'चे नाव येते. पण प्रभातचे संस्थापक ज्यांच्या हाताखाली तयार झाले, ते बाबूराव पेंटर मात्र मागे राहतात. आपल्यापैकी अनेकांचा छोटा व्यवसाय आहे. काम अगदी मनासारखे झाल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, त्यांनी तर बाबूरावांची ही कहाणी जरूर वाचावी.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात, कारागिरांच्या घरात झाला. नात्यातले बंधू आनंदराव यांच्याबरोबर ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले आणि 'पेंटर' हेच त्यांचे आडनाव झाले. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पाहून दोघांनी सिनेमा काढण्याचा ध्यास घेतला. त्यासाठी कॅमेराही स्वतःच बनवायचे ठरवले. १९१६ मध्ये आनंदराव गेले, पण बाबूरावांनी काम सोडले नाही. दामल्यांच्या मदतीने १९१८ मध्ये कॅमेरा पूर्ण झाला. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

१९२० मध्ये 'सैरंध्री' आला. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब होता की प्रेक्षक हादरले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. पुढे १९२३ मध्ये 'सिंहगड' आणि १९२५ मध्ये 'सावकारी पाश' आले.

चोखंदळ माणसाच्या हातून एवढे काम कसे झाले? एक म्हणजे, चित्रीकरणाआधी ते पात्रे, वेषभूषा आणि हालचाली कागदावर रेखाटून घेत. चुका कागदावरच सुधारल्या की फिल्म वाया जात नाही. दुसरे म्हणजे, त्यांनी माणसे घडवली. दामले, फत्तेलाल आणि शांतारामबापू ही सगळी त्यांच्याच तालमीतली माणसे.

पण याच स्वभावाची दुसरी बाजूही होती. बाबूरावांचे काम सावकाश चाले. घाई करणे त्यांच्या रक्तातच नव्हते. कंपनी चालवायची तर चित्रपट वेळेवर पडद्यावर यायला हवेत आणि हाताखाली तयार झालेल्या माणसांनाही स्वतः काही करून दाखवायला वाव हवा. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले आणि कोल्हापुरातच 'प्रभात' सुरू झाली. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार काळ तग धरू शकली नाही.

बाबूराव मात्र खचले नाहीत. त्यांनी काही बोलपट केले आणि चित्रकला व शिल्पकला शेवटपर्यंत जपली. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

उत्तमाचा आग्रह असावाच, त्यानेच नाव होते. पण तो आग्रह कामाच्या तयारीत खर्च करावा आणि तयार झालेल्या माणसांवर वेळीच काम सोपवावे. बाबूरावांना पहिली गोष्ट पुरेपूर साधली होती. दुसरी आपल्याला साधते का, हे दुकान, कचेरी किंवा उपाहारगृह चालवणाऱ्या प्रत्येकाने स्वतःलाच विचारावे.