सर विल्यम व्हाइट : युद्धनौकांचे शिल्पकार

इंग्लंडातील डेव्हनपोर्ट या बंदरगावी, कातडी कमावण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका गृहस्थाच्या घरी २ फेब्रुवारी १८४५ रोजी विल्यम व्हाइट यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी ते सरकारी गोदीत उमेदवार म्हणून लागले व १८६४ साली गुणांच्या बळावर लंडनच्या नौकाशिल्प विद्यालयात दाखल झाले.

त्या काळी तोफ कोठे मांडावी हा मोठा वादाचा प्रश्न होता. किल्ल्याच्या भिंतीतील भोकातून तोफ डागली तर गोलंदाज सुरक्षित राहतो, पण मारा अरुंद टापूतच होतो. तीच तोफ तटाच्या माथ्यावरून डागली तर मारा विस्तृत होतो, परंतु गोलंदाज उघडा पडतो. या उघड्या मांडणीस बार्बेट म्हणतात. नौकेवर वजनाचीही अडचण असते. फिरता बंदिस्त बुरूज अतिशय जड. तो उंच ठेवावा तर नौकेचा तोल ढळतो, खाली ठेवावा तर लाटा तोफांवर येतात. बार्बेटची कवचभिंत स्थिर असून आतील तोफच तेवढी फिरते, म्हणून भार हलका होतो.

७ सप्टेंबर १८७० रोजी ‘कॅप्टन’ ही बुरूजवाली, उंच डोलकाठ्यांची युद्धनौका वादळात उलटून सुमारे ४८० माणसे बुडाली. पुढील वर्षी व्हाइट यांनी एका सहकाऱ्यासह नौकेच्या तोलाचे गणित मांडणारा निबंध सादर केला.

१८८५ साली ते ब्रिटिश नौदलाचे प्रमुख नौकारचनाकार झाले. ‘रॉयल सॉव्हरिन’ वर्गाच्या सात नौकांवर त्यांनी उघड्या तोफा पाण्यापासून २३ फूट उंच बसविल्या. आठवी ‘हूड’ मात्र बंदिस्त बुरुजांची झाली; तिच्या तोफा १७ फुटांवरच राहिल्या आणि खवळलेल्या समुद्रात ती मागे पडू लागली. तरीही गोलंदाजांचा जीव उघड्यावर होता, हे व्हाइट विसरले नाहीत. नंतरच्या ‘मॅजेस्टिक’ वर्गात त्यांनी बार्बेटवरील तोफांना पोलादी आच्छादन दिले. उंचीही राहिली, माणसेही झाकली गेली.

दैवगती विचित्र! १९०० साली नवी राजनौका गोदीतून बाहेर काढताना कलली. तिच्यावर योजनेहून अधिक भार चढला होता. तोलाचे गणित शिकविणाऱ्यावरच ठपका आला. प्रकृती खालावून ते १९०२ साली निवृत्त झाले व २७ फेब्रुवारी १९१३ रोजी निवर्तले.

गोदीतील उमेदवार अभ्यासाच्या बळावर केवढ्या पदास पोहोचला, हे आपल्या मुलांनी पाहावे. मात्र विद्या कितीही मोठी असो, प्रत्येक नव्या कामाचे वजन नव्यानेच करावे लागते, हेही त्यांनी विसरू नये.