विश्लेषण : कौशल्य प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय धोरणाशी डॉ. आंबेडकरांचा संबंध काय?

आयटीआय आणि रोजगार विनिमय केंद्र ही नावे घराघरांत माहीत आहेत. त्यांच्या पूर्वेतिहासात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची चार वर्षे आहेत.

मजूर खाते कधी मिळाले?

जुलै १९४२ मध्ये. त्याच महिन्यात १८ ते २० तारखांना नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा पाया घातला गेला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर खाते त्यांनी जून १९४६ पर्यंत सांभाळले. युद्धासाठी तंत्रज्ञ घडवणारी प्रशिक्षण योजना याच खात्याकडे होती. ती त्यांच्या आधी सुरू झाली होती. श्रेय देताना एवढे भान हवे. मात्र युद्ध संपल्यावर सुटलेले सैनिक आणि कामगार यांचे काय करायचे, हा प्रश्न त्यांच्याच काळात आला. १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय उभे राहिले, रोजगार विनिमय केंद्रे आली. स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये, याच यंत्रणेतून कारागीर प्रशिक्षण योजना निघाली. आजच्या आयटीआय तिचाच विस्तार.

त्यांचा आग्रह कशासाठी?

मुंबईच्या गिरण्यांत चांगल्या पगाराच्या विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. मेलेली गुरे ओढण्यासारखी गावकीची कामे सोडा, असे ते समाजाला सांगत होते. पण ती सोडल्यावर पोट कशावर भरायचे? ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात याचे उत्तर सापडते : सरकारी छापखाने आणि रेल्वे कारखाने यांत अस्पृश्य तरुणांना उमेदवारीवर घ्यावे. पदवीच्या शिष्यवृत्त्यांइतकेच हे कलम महत्त्वाचे, तरी त्याची चर्चा कमी होते.

स्वतःचे शिक्षण कसे झाले?

तुटक. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत मिळाली आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तेव्हा वय २९, पदरी संसार. डी.एस्सी. १९२३ ची. उतारवयात पाली शिकून त्यांनी तिचा शब्दकोश करायला घेतला.

१९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा वर्ग सकाळी ठेवले. दिवसभर कचेरीत राबणाऱ्यांनाही कामावर जाण्याआधी शिकता यावे म्हणून.