लोकमान्य टिळक आणि अब्रुनुकसानीचे खटले

बाळ गंगाधर टिळक (जन्म : रत्नागिरी, २३ जुलै १८५६, मृत्यू : मुंबई, १ ऑगस्ट १९२०) हे राष्ट्रीय नेते, पत्रकार व विद्वान ग्रंथकार होते. त्यांच्यावरील राजद्रोहाचे खटले सर्वज्ञात आहेत. अब्रुनुकसानीच्या खटल्यांशी असलेला त्यांचा संबंध मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिला. सार्वजनिक जीवनाच्या आरंभी ते अशाच एका खटल्यात आरोपी होते, तर अखेरीस वादी म्हणून लंडनच्या न्यायालयात उभे राहिले. दोन्ही वेळा निकाल त्यांच्या विरुद्ध गेला.

कोल्हापूर प्रकरण

टिळकांनी १८७९ मध्ये कायद्याची पदवी घेतली, परंतु वकिली न करता १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूलच्या स्थापनेत भाग घेतला. पुढील वर्षी 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे सुरू झाली. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांच्या होणाऱ्या छळाविषयी या पत्रांनी लिहिले व त्याचा ठपका दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर ठेवला. बर्वे यांनी फौजदारी फिर्याद केली. लेखनाला आधार असलेली पत्रे बनावट ठरली आणि दिलगिरी व्यक्त करूनही जुलै १८८२ मध्ये टिळक व गोपाळ गणेश आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. या प्रकरणात जामिनाची व्यवस्था महात्मा फुले यांच्या ओळखीतून रामशेठ उरवणे यांनी केली होती. टिळक व फुले यांच्यातील पुढील मतभेद पाहता ही घटना विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

रँड वधाचा आरोप

जून १८९७ मध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली व त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. खटला लेखनापुरता होता. वधाच्या कटाचा आरोप त्यांच्यावर ठेवलाच गेला नव्हता. तरीही सुटकेनंतर लंडनच्या 'ग्लोब' पत्राने पुण्यातील हत्यांशी त्यांचा संबंध जोडला आणि मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'ने तो मजकूर उद्धृत केला. टिळकांनी कायदेशीर कारवाई सुरू करताच 'टाइम्स'ने माफी मागितली. पुढे 'ग्लोब'लाही मागावी लागली. बदनामीविरुद्ध टिळकांना मिळालेले हे निर्विवाद यश होते.

चिरोल खटला

१९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठविण्यात आले. त्याच वर्षी स्वदेशीच्या चळवळीतून, घरटी पैसा-पैसा गोळा करून उभारलेल्या पैसाफंडाचा काच कारखाना मावळातील तळेगाव दाभाडे येथे सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांच्या या उपक्रमाला टिळकांचा पाठिंबा होता.

टिळक मंडालेत असतानाच १९१० मध्ये ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाईन चिरोल यांचे भारतातील अशांततेवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. भारतीय असंतोषाचे जनक ही टिळकांची प्रसिद्ध उपाधी याच लेखकाची. टिळकांचा आक्षेप मात्र या उपाधीला नव्हता, तर विशिष्ट विधानांना होता. गोरक्षणाची चळवळ, आखाडे, पैसे उकळणे, ताईमहाराज प्रकरण, तसेच रँड व नाशिकचे जिल्हाधिकारी जॅक्सन यांचे वध, असे त्यांचे विषय होते. जॅक्सन यांचा वध डिसेंबर १९०९ मध्ये, म्हणजे टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना झाला होता. ताईमहाराज प्रकरणातील फौजदारी आरोपांतून उच्च न्यायालयाने त्यांना १९०४ मध्येच मुक्त केले होते आणि दिवाणी वादात १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही त्यांच्या बाजूने निर्णय दिला.

सुटकेनंतर टिळकांनी चिरोल व प्रकाशक मॅकमिलन कंपनी यांच्यावर लंडनमध्ये नुकसानभरपाईचा दावा लावला. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात केवळ मनस्ताप झाला म्हणून सहसा भरपाई मिळत नसे. लेखी बदनामी सिद्ध झाल्यास मात्र प्रत्यक्ष आर्थिक हानी दाखविण्याची गरज नसे आणि रक्कम ठरविताना दुखावलेल्या मनाचाही विचार होई. याची दुसरी बाजू अशी, की दावा लोकमताच्या हानीचा असल्याने वादीचे पूर्वचरित्रच तपासाचा विषय बनते.

सुनावणी जानेवारी १९१९ च्या अखेरीस न्यायमूर्ती डार्लिंग व विशेष ज्यूरी यांच्यापुढे सुरू झाली. टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन, तर चिरोल यांच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन होते. कार्सन यांनी नेमका हाच धागा पकडला. टिळकांचे जुने लेख व शिक्षा पुढे आणून, ज्याला साम्राज्याच्या न्यायालयांनी दोनदा राजद्रोही ठरविले त्याची अब्रू या पुस्तकाने ती काय कमी होणार, अशी मांडणी त्यांनी केली. महायुद्ध नुकतेच संपलेल्या लंडनमधील ज्यूरीवर या युक्तिवादाचा परिणाम होणे स्वाभाविक होते. २१ फेब्रुवारी १९१९ रोजी निकाल प्रतिवादींच्या बाजूने लागला आणि त्यांचा खर्चही टिळकांवर पडला. एकूण बोजा लाखांत गेला व तो भरून काढण्यासाठी देशात सार्वजनिक निधी उभारण्यात आला.

दावा हरल्यावर टिळक लगेच परतले नाहीत. मजूर पक्षाच्या नेत्यांशी संपर्क वाढवून व भारतविषयक सुधारणा विधेयकाच्या संयुक्त संसदीय समितीपुढे साक्ष देऊन ते नोव्हेंबर १९१९ मध्ये मुंबईस आले. पुढील वर्षी सरदारगृहात त्यांचे निधन झाले.